हळूबाईंच्या हाताखाली

१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर पाहून पाकिटावरचं नाव पुन्हा वाचलं असशील. मीच आहे. हे कावळ्याचे पाय डाव्या हाताचे आहेत, कारण उजवा सध्या बँडेजात गुंडाळून गळ्यात टांगला आहे. मास्तर म्हणत होते की मी लिहून देतो. पण माझं पत्र नवऱ्याच्या अक्षरात आलं तर तू नेसत्या कपड्यांनिशी गाडीत बसशील, म्हणून हट्टाने मीच लिहिते आहे.

झालं ते असं. परवा सकाळी बरणी धुताना ती हातातच फुटली आणि काच तळव्यात शिरली, पहिल्या दोन बोटांच्या मुळाशी. रक्त थांबलं, पण बोटं मिटेनात. मी मनात मिट मिट म्हणते आहे आणि ती तशीच ताठ उभी, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, बोटं ओढणाऱ्या दोऱ्या आत असतात, कंडरा म्हणतात त्यांना, त्या तुटल्या. त्याच दिवशी ऑपरेशन करून शिवल्या.

तू विचारशीलच, म्हणून सांगते. पुन्हा बोलता येईल का, हे मी विचारलं. डॉक्टरांना आधी प्रश्नच कळला नाही, तोंडाला काय झालंय असं त्यांना वाटलं. मग मी सांगितलं की मी दुभाषी आहे, दुसऱ्या इस्पितळात बहिऱ्या रोग्यांसाठी काम करते, डॉक्टर तोंडाने बोलतात ते मी हातांनी सांगते. आणि शिवाय मला एक बहीण आहे. ते म्हणाले की व्यायाम नीट केलेत तर बघू. ते ‘बघू’ मला आवडलं नाही.

पुढच्या आठवड्यापासून फिजिओथेरपी. काळजी करू नकोस. मास्तर भांडी घासतात, तीही गाणं म्हणत.

तुझा लोभ आहेच. त्याला अजून कधी टाके घालावे लागले नाहीत.

तुझी,
टिटवी


२१ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र कामावर आलं. मी काच घासायच्या चाकापाशी उभी होते, चाक तसंच चालू ठेवून वाचत राहिले आणि कुणाच्या तरी चष्म्याचा डावा डोळा पार वाया घालवला. मालकांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मशीन बंद केलं.

अगं, रोज इतकी माणसं बरण्या धुतात. फुटायची ती नेमकी तुझ्याच हातात! लहानपणी तुझं नाव टिटवी मीच ठेवलं, कारण जेवतानासुद्धा तुझे हात गप्प बसायचे नाहीत. भात ताटात कमी आणि भिंतीवर जास्त. आई तुझे हात धरून ठेवायची, तर तू कोपरांनी बोलायचीस. आता त्यातला एक गळ्यात टांगलेला, हे काही केल्या डोळ्यांपुढे येत नाही. येतं तेव्हा मी उठून काहीतरी पुसायला घेते.

एक मागणं आहे. मला पूर्ण सांगत जा. बहिऱ्या माणसाला अर्धं सांगायची लोकांना सवयच असते. सगळे हसतात, आपण विचारतो काय झालं, तर म्हणतात काही नाही, नंतर सांगतो. ते ‘नंतर’ कधी येत नाही. तू एकटी आहेस जिने मला कधी ‘नंतर’ म्हटलं नाही. फोन माझ्या काही कामाचा नाही, आणि तुझ्या चेहऱ्यावरून ओळखावं तर मधे एवढं अंतर. कागदावर जे येईल तेवढंच माझ्या हाती.

मास्तरांना आशीर्वाद. गाणं मला ऐकू येणार नाही, पण भांडी कशी निघतात ते कळव.

आशीर्वाद पाकिटात मावेनात इतके आहेत. उरलेले मनाने घे.

तुझी,
ताई


४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पूर्ण सांगते.

फिजिओ म्हणजे एक उंच, किरकोळ बाई, केस अगदी बारीक कापलेले. प्रत्येक वाक्याच्या आधी हळू म्हणतात आणि वाक्य संपल्यावर पुन्हा हळू म्हणतात. मी त्यांचं नाव हळूबाई ठेवलं आहे. खोलीत मेणाचं एक गरम भांडं, भिंतीला शिडी, टेबलावर चिमटे आणि बटणं. माझ्या शेजारी रोज एक आजी असतात, खांदा निखळलेल्या. त्या बोटांनी भिंतीवर खारीसारखं वर चढतात आणि जिथे थांबतात तिथे पेन्सिलीची रेघ ओढतात. कालची रेघ गाठली नाही तर भिंतीला शिव्या देतात. पलीकडे एक धिप्पाड सुतार, मनगट मोडलेला. मेणात हात घालताना तो डोळे मिटून घेतो.

माझ्या हाताच्या पाठीवर स्प्लिंट आहे, कडक प्लास्टिकचं, बोटं वाकलेलीच राहावीत म्हणून. व्यायाम काय, तर डाव्या हाताने उजवी बोटं मिटवायची आणि मग ती आपणहून उघडायची, तीही स्प्लिंटला टेकेपर्यंतच. आपल्या जोरावर मिटवायची नाहीत. काही धरायचं नाही, उचलायचं नाही. शिवलेली दोरी अजून ओल्या कागदासारखी आहे म्हणे. जोर केला तर तुटेल. पण अजिबात हलवली नाही तर आतल्या आत चिकटून बसेल आणि बोट लाकूड होईल. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या कठड्यावरून मी रोज चालते आहे.

खरी पंचाईत वेगळीच आहे. हात आपणहून बोलायला जातो. कुणी काही विचारलं की तोंडाआधी तोच उठतो. झोपेतही बोलतो असं मास्तर सांगतात, म्हणून रात्री आम्ही तो उशीला बांधून ठेवतो. जागी असताना मी सतत त्याच्यावर पहारा करते. दारू सोडलेला माणूस कसा दुकानासमोरून जाताना दातओठ आवळतो, तशी मी दिवसभर असते.

इस्पितळात माझ्या जागी कुणी नाही. बहिरे रोगी येतात, चिठ्ठ्यांवर लिहून काम चालवतात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं काय चालतं, मी विचारलेलं नाही. विचारायचं धाडस नाही.

भांडी तेलकट निघतात. लोभ आहे तसा राहू दे, माझ्याकडून सध्या अर्धाच पोचतो आहे.

तुझी,
टिटवी


१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत चार ओळी. हात दाराला जरासा आपटला. थोडं दुखलं, डॉक्टर एकदा पाहून घेतो म्हणाले आहेत. विशेष काही नाही. बाकी सगळं छान. मास्तरांना सर्दी झाली आहे. तुझ्या मालकांच्या मुलीचं लग्न ठरलं का? सविस्तर नंतर लिहीन.

तुझी,
टिटवी


१५ मार्च

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला हे पत्र लिहिल्याचं हिला ठाऊक नाही. मला सर्दी झालेली नाही. हिचा हात दाराला आपटलेला नाही.

मंगळवारी दुपारी मी शाळेतून घरी आलो तोच इस्पितळातून फोन आला. एक बहिरी बाई बाळंत होत होती, पहिलटकरीण, बरोबर कुणी नाही, लिहिता-वाचता येत नाही. बाळाचे ठोके उतरत होते. डॉक्टर सांगत होते की आता जोर करू नकोस, आणि ती भेदरून जोरच करत होती. मी सांगायला हवं होतं की ही घरी नाही. मी फोन हिच्या हातात दिला. ताई, मी भूगोल शिकवतो, खोटं बोलायचा सराव नाही. पण त्या दिवशी जमायला हवं होतं.

ही म्हणाली, फक्त डाव्या हाताने सांगेन, दहा मिनिटांत येते. मीही बरोबर गेलो, बाहेर बाकावर बसलो. पुढचं मला तिथल्या नर्सने सांगितलं. डाव्या हाताने सांगून त्या बाईला अर्धंच कळत होतं. कळांमधे तिचं लक्ष टिकेना. मग हिने दातांनी पट्टे सोडून स्प्लिंट काढलं आणि दोन्ही हातांनी बोलली. बाई शांत झाली. जोर थांबवला. पोट उघडून बाळ काढावं लागेल हे हिने तिला नीट समजावलं, तिचा होकार घेतला. तोपर्यंत हात टिकला होता. पण ऑपरेशनच्या खोलीत नेताना त्या बाईने घाबरून हिचा हात पकडला, आणि हिनेही तो घट्ट धरला. नर्स म्हणाली, हिचा चेहरा तेव्हा पांढरा पडला, पण हात हिने सोडला नाही.

मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. हिची पहिल्या बोटाची कंडरा पुन्हा तुटली आहे.

काल दुसरं ऑपरेशन झालं. सर्जन माझ्यावर इतके ओरडले की बाहेरचा शिपाई डोकावला. त्यांचं म्हणणं, दुसऱ्यांदा शिवलेलं बोट पहिल्यासारखं होण्याची आशा फार धरू नका. फिजिओबाईंना मी घाबरत घाबरत सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या, मग त्यांनी बाळाचं वजन किती भरलं ते विचारलं.

मी दोन दिवस हिच्याशी धड बोललेलो नाही. आपल्या घरात न बोलणं म्हणजे काय ते तुम्हीच जाणता. मी समोर बसून खिशात हात घालतो. ही रडत नाही, त्याची मला जास्त धास्ती वाटते. तुम्ही काहीतरी लिहा. माझं ती ऐकणार नाही.

आपल्या आशीर्वादाची आजच्याइतकी गरज आधी कधी वाटली नव्हती.

आपला,
मास्तर


२२ मार्च

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मास्तरांनी सगळं कळवलं. त्यांच्यावर रागावू नकोस. तू मला ‘नंतर’ लिहिलंस, आयुष्यात पहिल्यांदा, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं होतं.

तुला रागवायचं म्हणून कागद घेतला आणि तीन दिवस तसाच ठेवला. कारण मी रागावायला लागले की मला ती इस्पितळाची खोली दिसते. मी अकरा वर्षांची होते, तू पाळण्यातून नुकती उतरली होतीस. पोटात दुखत होतं म्हणून मला नेलं. सगळ्यांची तोंडं हलत होती, माझ्याकडे बघून कुणाचंच हलत नव्हतं. आईला बाहेर थांबवलं. हातपाय धरून मला एका खाटेवर बांधलं आणि तोंडावर काहीतरी दाबलं. मला वाटलं, मी नीट वागत नाही म्हणून मला मारून टाकायला आणलंय. जागी झाले तेव्हा पोट शिवलेलं. आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, काढलं होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी पुस्तकात वाचून कळलं.

तेव्हा त्या खोलीत कुणी आपला हात मोडून माझ्याशी बोललं असतं, तर मी त्या माणसाला जन्मभर देव मानलं असतं. त्यामुळे तू चुकलीस असं मला म्हणता येत नाही.

पण आता दुसरं ऐक. ते हात एकट्या तुझे नाहीत. निम्मे माझे आहेत. मी त्यांना बोलायला शिकवलं. जगात माझ्याशी घरच्यासारखं बोलणारे तेवढेच उरलेत. माझ्या वाट्याचा हात तू मला न विचारता देऊन टाकलास, आणि त्याचा मला भयंकर राग आला आहे. दोन्ही खरं आहे. कुठलं आधी लिहावं ते ठरेना, म्हणून पत्राला उशीर झाला.

हळूबाई म्हणतील ते कर. त्यांनी श्वास घे म्हटलं तर घे.

रागासकट आशीर्वाद,
ताई


३० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी तीन पत्रं आली, माझं एकही गेलं नाही. काय लिहू? स्प्लिंट सुटलं. मधलं बोट बरं आहे. पहिलं बोट लाकूड झालं आहे. जे व्हायला नको म्हणून सगळा खटाटोप, तेच झालं. आत सगळं एकमेकांना चिकटलं आहे. रोज मेणात हात बुडवायचा, मग हळूबाई व्रण अंगठ्याने चोळतात, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मग रबरी गोळा दाबायचा, बटणं उचलायची. बटण अंगठा आणि मधल्या बोटाने उचललं की त्या ते परत खाली ठेवतात आणि पहिल्या बोटाकडे बघतात. त्याला वगळायचं नाही म्हणे. वगळलेलं बोट आपण बोट आहोत हेच विसरतं.

सुतार बरा होऊन गेला. जाताना त्याने सर्वांशी हात मिळवला, माझ्यापाशी आला आणि नुसती मान हलवली. तेवढंच मनाला लागून राहिलं.

घरी मी आरशासमोर बोलून पाहते. ताई, ते बोबडं आहे. शब्दांचा शेवट पडतो, दोन वेगळे शब्द एकसारखे दिसतात. रोग्याला औषध सकाळी घ्यायचं की रात्री, यात माझ्या हातून गोंधळ झाला तर? इस्पितळ विचारतं आहे की कधी येता. मी उत्तर दिलेलं नाही. जेवण जात नाही.

तू येते म्हणतेस. येऊ नकोस, इतक्यात तरी. तुझ्यासमोर मला असं बोलायचं नाही. इतर कुणासमोर बोबडं बोलेन, तुझ्यासमोर नाही.

रागावू नकोस. लोभ मागायचीही आज लाज वाटते.

टिटवी


७ जुलै

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

येऊ नको म्हणालीस ते वाचलं. गुरुवारी दुपारच्या गाडीने येते आहे. बहिऱ्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे तुला माहीत असायला हवं.

तुझी,
ताई


२८ जुलै

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचले. मास्तरांनी बांधून दिलेला डबा गाडी सुटताच संपवला. आता जे तिथे सांगितलं नाही ते सांगते.

दारात तू उजवा हात ओढणीखाली लपवून उभी होतीस, तेव्हा माझा धीर खचला होता. तू इतकी वाळलेली असशील असं वाटलं नव्हतं. दोन दिवस तू माझ्याशी कागदावर लिहून बोललीस आणि मी चष्मा सापडत नसल्याचं सोंग केलं. चष्म्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईचा चष्मा सापडत नाही, यावर तू कसा विश्वास ठेवलास देव जाणे.

तिसऱ्या दिवशी थेरपीच्या खोलीत मी भांडण काढलं, ते मुद्दाम. आईचं शिवणयंत्र तू मला न विचारता विकलंस, ही गोष्ट मी कधीच सोडून दिली होती. पण तुला चिडवायला तेवढं एकच हुकमी हत्यार माझ्याकडे होतं. तू आधी डाव्या हाताने उत्तर दिलंस. मी तोंड फिरवलं. मग तू उजवा बाहेर काढलास आणि असं काही बोलायला लागलीस की खांदेवाल्या आजी भिंतीवर चढायचं विसरल्या. मी किती स्वार्थी, किती हट्टी, आईच्या आजारपणात कुठे होते, सगळं. तुझं बोबडं मला पहिल्यांदा कळेना. ‘यंत्र’ म्हणतेस की ‘शेळी’, यात मी बराच वेळ अडकले. पण भांडणात माणूस समोरच्याचं नेमकं ऐकतोच कुठे? थोड्या वेळाने मला सगळं कळत होतं. कानाला एखाद्याची नवी लकब सवयीची होत असेल, तसं डोळ्यांनाही होतं.

हळूबाईंनी नंतर बोटाचा कोन मोजला, पुन्हा मोजला, आणि मला कागदावर लिहून दाखवलं की इतकं ते आजवर वाकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते सुजलं, तुला ताप आला, आणि त्यांनी मला खडसावलं की भांडण एका वेळी थोडंच करायचं. मी घाबरून रात्रभर तुझ्या उशाशी बसले, ते तुला आठवत नसेल. मला वाटलं, पुन्हा तुटलं, आणि या खेपेला माझ्यामुळे. सूज उतरेपर्यंत मी तासातासाने तुझ्या बोटाला हात लावून पाहत होते.

आईच्या आजारपणाचं तू म्हणालीस ते मात्र खरं होतं. ते माझ्यापाशी राहू दे.

आता स्टेशन. डब्याच्या खिडक्या बंद होत्या. फलाटावर सगळे आपापल्या माणसांना काहीतरी ओरडून सांगत होते, आतले कानाला हात लावून नुसत्या माना हलवत होते. कुणाला कुणाचं कळत नव्हतं. आणि आपण दोघी निवांत गप्पा मारत होतो, गाडी हलली तरी. माझ्यासमोरच्या बाई तोंड उघडं टाकून आपल्याकडे पाहत राहिल्या. उभ्या जन्मात माझ्याकडे पहिल्यांदाच कुणी हेवा वाटून पाहिलं असेल.

फक्त अगदी शेवटी, फलाट संपता संपता, तू जे म्हणालीस ते मला कळलं नाही. बोट अडलं, आणि मधे खांब आला. काय म्हणालीस? गाडीत सबंध रात्र तेच जुळवत होते.

आशीर्वाद, आणि भांडणं हप्त्याहप्त्याने.

तुझी,
ताई


६ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर ओळखलंस का? उजव्या हाताचं आहे. वाकडं आहे, पण माझं आहे. मधे दोनदा थांबून हात शेकला.

फलाटावर मी म्हणाले की मला भीती वाटते, जाऊ नकोस. म्हणून झाल्यावर खांब आला तेव्हा देवाचे आभार मानले. तुला कळलं असतं तर तू साखळी ओढली असतीस आणि मास्तरांना दंड भरावा लागला असता.

भीती अजून आहे. सोमवारी ती बरोबर घेऊनच कामावर गेले. पहिला रोगी एक म्हातारे गृहस्थ, बहिरे, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आलेले. डॉक्टरांनी सांगितलं ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी कपाळाला आठ्या घालून पुन्हा सांग म्हटलं. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा मी अगदी सावकाश, एकेक शब्द वेगळा करून सांगितला आणि तुम्हाला काय कळलं ते मला सांगा म्हटलं. त्यांनी सगळं बरोबर सांगितलं, थेंब कधी घालायचे तेसुद्धा. मग माझ्या बोटाकडे पाहून विचारलं की काय झालं. मी म्हणाले बरणी फुटली. ते म्हणाले की माझी बायकोही असंच बोलायची, तिला संधिवात होता, तिचं बोलणं मला सगळ्यांत जास्त आवडायचं.

आता प्रत्येक रोग्याला तसंच विचारते, काय कळलं ते सांगा. वेळ लागतो, डॉक्टर घड्याळ बघतात. बघू देत. अर्धा दिवसच काम करायचं, असं हळूबाईंनी बजावलं आहे. संध्याकाळी बोट ठणकतं आणि मी अजूनही मधेच दचकून ते हलवून पाहते, आहे ना म्हणून. सर्जन म्हणतात, याहून फारसं वाकणार नाही. म्हणजे आता मी अशीच बोलणार. तुला चालेल ना?

मास्तरांचा साष्टांग नमस्कार. पत्र लवकर पाठव.

आणि लोभ आहे तो तूच जरा घट्ट धरून ठेव. माझी पकड अजून कच्ची आहे.

तुझी,
टिटवी